सांदवाडीतला चार्ड: दिवाळीपासून होळीपर्यंत

पावसाळ्यात सूरजागडच्या परिसरात हिरव्या भाजीला पैसे मोजावे लागत नाहीत. मृगाच्या सरी पडल्या की तरोटा उगवतो, मागोमाग पातूर, कुरडू, कोचई, आणि पाऊस मुरला की वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (रानअळंबी). गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या माडिया बायांना जंगलातली जेवढी पाने चवीने ओळखता येतात तेवढ्या भाज्यांची नावे शहरातल्या माणसाला आठवणारही नाहीत. अडचण सुरू होते धान कापून झाल्यावर. रानातली कोवळी पाने जून होतात, सुकतात. ज्यांच्या बांधीत ओल टिकते ते लाखोळी किंवा हरभरा टाकतात आणि त्याचे शेंडे खुडून भाजी करतात. बाकीच्यांच्या पेजेसोबत मग वाळवलेली अंबाडी, वाळवलेले वास्ते, नाहीतर नुसते मीठ-मिरची. दिवाळी ते होळी या चार महिन्यांत ताटातला हिरवा रंग कमी होतो, आणि नेमके हेच चार महिने पालेभाजी लावायला सगळ्यांत चांगले असतात. या लेखात सांगायचे आहे ते या चार महिन्यांबद्दल, आणि त्यात सहज बसणाऱ्या एका पाहुण्या भाजीबद्दल. तिचे नाव स्विस चार्ड.

पाहुणी म्हटले खरे, पण ती आपल्या पालकाची सख्खी बहीण आहे. आपण बाजारात जुडी घेतो तो देशी पालक म्हणजे इंग्रजीतला स्पिनॅच नव्हे. स्पिनॅच ही वेगळी वनस्पती. आपल्याकडे तिला विलायती पालक म्हणतात. देशी पालक, स्विस चार्ड, लाल बीट आणि साखरेचे बीट ही चारही एकाच जातीची झाडे आहेत. भूमध्य समुद्राच्या आणि युरोपच्या किनाऱ्यावर आजही उगवणारे रानबीट हा त्यांचा मूळ पुरुष. माणसाने कुठे मुळाकडे लक्ष दिले, कुठे पानाकडे, तसतसे हे चार भाऊबंद वेगळे झाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेला 'पुसा हरित' हा पालकाचा वाण तर साखरेचे बीट आणि देशी पालक यांच्या संकरातूनच आला आहे. आपल्या रानातला कुरडू, परसातला माठ, हिवाळ्यातला चाकवत हेसुद्धा याच मोठ्या कुळातले. म्हणून चार्डकडे परक्या देशाची शोभेची भाजी म्हणून पाहू नका. जिथे पालक येतो तिथे चार्ड येतो.

फरक दोन. चार्डचे देठ बोटाएवढे जाड, पांढरे, लाल किंवा पिवळे असतात आणि तेही खाता येतात. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. देशी पालक एका हंगामाचा आहे. थंडी सरून दिवस मोठा होऊ लागला, ऊन तापू लागले की तो तुरे काढतो, पाने बारीक आणि कडसर होतात. चार्ड मुळात दोन वर्षांचे झाड आहे. पहिल्या वर्षी तो फक्त पाने देतो; कडक थंडीचे काही आठवडे अंगावर काढल्यावर, पुढच्या उन्हाळ्याच्या लांब दिवसांत त्याला फुलोरा येतो. एवढी थंडी सूरजागडला पडत नाही, म्हणून इथे चार्ड सहसा तुऱ्यावर जात नाही. पालक थकतो तेव्हा तो पाने देत राहतो. याच कारणाने त्याचे बी इथे धरता येत नाही. ते हिमाचल-काश्मीरसारख्या थंड डोंगराळ भागात तयार होते किंवा परदेशातून येते. पालकाचे बी मात्र घरी धरता येते. तेव्हा दोन्ही लावा. तीन हिस्से पालक, एक हिस्सा चार्ड, ही वाटणी मी सुचवीन.

आता वेळ. थंड प्रदेशात, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडसारख्या ठिकाणी, चार्ड एप्रिल-मे महिन्यात पेरतात आणि तीच झाडे पुढच्या वसंतापर्यंत पाने देतात. बियांच्या पाकिटावर 'वसंतात पेरा' असे छापलेले असते ते त्यांच्यासाठी. आपल्याकडे ती सूचना पाळली तर मे महिन्यात रोप करपेल आणि जुलैत कुजेल. त्यांचा उन्हाळा जेवढा सौम्य तेवढा आपला हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत या भागात दुपारी २८ अंशांच्या आसपास आणि पहाटे १२-१३ अंश, कधी त्याहूनही खाली, असे तापमान असते. चार्डला याहून चांगले हवामान लागत नाही.

म्हणून दिवाळीच्या पुढेमागे बी टाका. दसऱ्याला घाई करू नका. परतीचा पाऊस एखादी जोरदार सर देऊन जातो आणि ओल्या, उबदार मातीत कोवळी रोपे बुडाशी काळी पडून माना टाकतात. मी स्वतः पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरले होते. चौथ्या पानावर आलेला अख्खा वाफा तीन दिवसांत आडवा झाला. पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागले की वेळ झाली समजा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला पालक डिसेंबर लागताच कापायला येतो. चार्डला पन्नास ते साठ दिवस लागतात. जानेवारीच्या सुरुवातीला सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. त्या यात्रेला पाहुणे घरी येतील तेव्हा चार्डची पहिली तोड हाताशी असेल, असा हिशेब बांधून पेरा. उशिरात उशिरा डिसेंबरचा मध्य. त्यानंतर पेरले तर झाड भरायच्या आत ऊन येऊन ठेपते.

जागा घराच्या मागची, सांदवाडीतली निवडा. हातपंपाजवळची किंवा आंघोळीच्या मोरीजवळची असेल तर उत्तम, पण साबणाचे पाणी थेट वाफ्यात सोडू नका. भांडी विसळलेले पाणी चालते. सकाळपासून दुपारपर्यंत पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. रस्त्याकडची जागा टाळा. सूरजागडच्या लोहखनिजाच्या गाड्या जातात त्या रस्त्यांच्या कडेला पानांवर लाल धुळीचा थर बसतो, आणि चार्डच्या पानाला सुरकुत्या असल्यामुळे ती धूळ एका पाण्यात निघत नाही. ज्यांना दुसरी जागाच नाही त्यांनी रस्त्याच्या बाजूला तुरीची किंवा अंबाडीची दाट रांग ठेवावी आणि भाजी तीन पाण्यांतून काढावी.

मातीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेकांचा चार्ड मातीमुळे फसतो. आपल्या भागातले जुने शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बर्डी अशी नावे देतात. कन्हार भारी काळी, पाणी धरून ठेवणारी. बर्डी म्हणजे चढावरची मुरमाड, पाणी न धरणारी. चार्डला या दोघींच्या मधली मोरांड मानवते, सिहारही चालते. बर्डीवर घर असेल, आणि बहुतेक घरे उंचवट्यावर असतात, तर वाफा जमिनीच्या खाली घ्या: वीतभर खोल खणून खडे वेचा, तळाशी कुजलेला पालापाचोळा आणि बोडीतला (लहान तळ्यातला) गाळ घाला. कन्हारीत उलट, वाफा वीतभर उंच करा.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. भरपूर पावसाच्या प्रदेशात चुना धुपून जातो, लोह मागे राहते आणि माती आंबट होते. डोंगराच्या पायथ्याची लाल माती बहुधा अशी असते. बीटाच्या सगळ्या कुळाला आंबट माती सोसत नाही. सामू ६ ते ७.५ च्या दरम्यान हवा. सामू उतरला की रोपे उगवतात, चार पानांवर येतात आणि तिथेच थबकतात. पाने पिवळट, कडा लालसर. लोक खत कमी पडले समजून खत वाढवतात, आणि रोप तसेच राहते. यावर उपाय घरातच आहे, चुलीची राख. पेरणीच्या आधी पंधरा दिवस एक चौरस मीटरला दोन मुठी राख मातीत मिसळा. लाकडाची राख घ्या, प्लास्टिक जाळलेली नको. राख आणि युरिया एकत्र टाकू नका, नत्र हवेत उडून जाते. सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करून माती तपासून घेता आली तर अंदाजाने राख टाकण्याची गरज उरणार नाही. ज्यांची माती आधीच काळी, चुनखडीची आहे त्यांनी राख टाकूच नये.

एका कुटुंबाला तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असे दोन वाफे पुरतात. रुंदी मीटरपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. प्रत्येक वाफ्याला चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली. शेण ताजे असेल तर ठेवून द्या, पुढच्या वर्षी वापरा; ताज्या शेणाने हुमणीही येते आणि रोपेही जळतात. सागाची पाने खतात लवकर कुजत नाहीत, म्हणून ती आच्छादनाला ठेवा. खतासाठी मोह, ऐन, पळस यांचा पाला बरा.

बी हातात घेऊन नीट पाहा. पालकाचे आणि चार्डचे बी खडबडीत, बुचासारखे असते, आणि तो एकच दाणा नसतो. दोन ते पाच बिया एकात एक चिकटून झालेला तो गोळा असतो. त्यामुळे एका खड्ड्यातून तीन-चार रोपे येतात आणि विरळणी करावीच लागते. बी गुळगुळीत गोल किंवा काटेरी, सुटे असेल तर ते विलायती पालकाचे आहे. त्याला इथला हिवाळाही उबदार पडतो, घेऊ नका. पालकात ऑल ग्रीन, पुसा ज्योती, पुसा हरित किंवा बंगळूरच्या फलोत्पादन संस्थेचा अर्का अनुपमा, जो मिळेल तो घ्या. पुसा ज्योतीची पाने जाड आणि मोठी असतात, मुलांना ती आवडतात असा माझा अनुभव आहे. चार्डमध्ये पांढऱ्या देठाचे फोर्डहूक जायंट आणि लुकुलस हे जुने, भरवशाचे वाण. ब्राइट लाइट्स हे रंगीबेरंगी देठांचे मिश्रण १९९८ साली अमेरिकेत पुरस्कारासाठी निवडले गेले. दिसते सुंदर, पण पहिल्या वर्षी पांढऱ्या देठाचेच लावा, ते जास्त काटक असते. चार्डचे बी आठवडी बाजारात मिळणार नाही. मोठ्या शहरातल्या बियाण्याच्या दुकानातून किंवा टपालाने मागवावे लागेल, तेव्हा दसऱ्यालाच सोय करून ठेवा.

बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी सावलीत निथळा. पालकाच्या ओळी एकमेकींपासून २० सेंटिमीटरवर, ओळीत दाटच पेरा. चार्डला ऐसपैस जागा लागते: दोन झाडांत ३० सेंटिमीटर. एका ठिकाणी दोन गोळे, दीड ते दोन सेंटिमीटर खोल, वर बारीक माती. त्यावर तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) पातळ थर. पहिले आठ दिवस कोंबड्यांपासून राखा, नाहीतर त्या सगळा वाफा उकरतील. बांबूच्या कामट्यांचे दाट कुंपण पेरणीच्या आधीच झाले पाहिजे. शेळी एकदा आत शिरली तर महिन्याची मेहनत पाच मिनिटांत जाते.

आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. तीन पानांवर आल्यावर प्रत्येक ठिकाणचे एक जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने बुडाशी कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळे हलतात. कापलेली कोवळी रोपे तशीच वरणात घाला.

पाणी थोडे, पण नियमित. थंडीत दर चौथ्या-पाचव्या दिवशी, फेब्रुवारीपासून दर दुसऱ्या दिवशी. पाणी मुळाशी द्या, पानांवर नको आणि संध्याकाळी तर नकोच. रात्रभर ओली राहिलेली पाने ठिपक्यांना आमंत्रण देतात. जिथे हातपंप लांब आहे तिथे मडक्याची युक्ती करा. जुने, रंग न दिलेले सच्छिद्र मडके वाफ्याच्या मध्यभागी गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकण ठेवा. पाणी झिरपत राहते आणि दोन-तीन दिवसांतून एकदा भरले की भागते. भोवताली तणसाचे चार बोटे जाड आच्छादन घातले तर निम्मे पाणी वाचल्यासारखे वाटते.

रोगांत मुख्य एकच: पानांवर गोल ठिपके, मध्ये राखाडी आणि भोवती लालजांभळी कड. तो सर्कोस्पोरा बुरशीचा. ठिपक्याची पाने दिसताच तोडून वाफ्यापासून दूर जाळा किंवा खोल पुरा, आणि पुढची दोन-तीन वर्षे त्या जागी पालक, चार्ड, बीट यांपैकी काही लावू नका. ढगाळ दिवसांत मावा येतो. निंबोळीची पावडर लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून पानांच्या खालच्या बाजूला फवारा. त्यानंतर पाच-सहा दिवस तोड करू नका. अळ्या हाताने वेचा. गोगलगायींसाठी मोहाच्या टोरीची पेंड वाफ्याच्या कडेने टाकतात आणि ती काम करते, पण ही पेंड माशांना विषारी आहे. वाफ्याचे पाणी बोडीत उतरत असेल तर ती वापरू नका. खाण्याच्या पानांवर बाजारातले जहाल कीटकनाशक मारू नका. आज फवारले आणि उद्या शिजवले अशी ही भाजी आहे.

मधली कोवळी पाने काळी पडत असतील आणि देठाला आडव्या चिरा जात असतील तर तो रोग नव्हे, बोरॉनची उणीव आहे. धुपलेल्या लाल मातीत बीटवर्गाला ती हमखास जाणवते. शेणखत भरपूर असेल तर सहसा वेळ येत नाही. माती तपासून उणीव ठरलीच तर चौरस मीटरला एक ग्रॅम बोरॅक्स पाण्यात विरघळवून एकदाच द्या. मोजून एक ग्रॅम. जास्त झाले तर झाडाला विषच.

पालक जमिनीपासून दोन बोटे सोडून विळ्याने कापा, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटतो. चार्ड कापू नका. बाहेरची दोन-तीन पाने देठाच्या बुडाशी धरून बाजूला वळवत खुडा, मधली चार-पाच पाने कायम ठेवा. मधला गाभा दुखावला की झाड संपले. आठवड्यातून एकदा खुडले तर वीस-पंचवीस झाडांतून पाच माणसांच्या घराची दोन वेळची भाजी निघते. दर तोडीनंतर दहापट पाण्यात गोमूत्र किंवा जीवामृत द्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लोखंडाच्या डोंगराखाली उगवलेल्या भाजीत जास्त लोह असते, असे मी अनेकदा ऐकले. तसे नाही. झाड आपल्याला हवे तेवढेच लोह घेते, माती कितीही लाल असो. शंभर ग्रॅम ताज्या पानांत साधारण दोन ते तीन मिलिग्रॅम लोह असते, आणि मोठ्या बाईची रोजची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये २९ मिलिग्रॅम ठरवली आहे. शिवाय पानातल्या ऑक्झलेटसारख्या घटकांमुळे त्यातले थोडेच अंगाला लागते. भाजीवर लिंबू पिळले किंवा सोबत आवळा खाल्ला तर ते प्रमाण वाढते, आणि आवळा याच महिन्यांत जंगलात पिकतो. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, त्याने उलट होते. रक्त कमी असलेल्या गरोदर बाईने ही भाजी जरूर खावी, पण दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या त्यासाठी सोडू नयेत. सिकलसेलच्या रुग्णांनी मात्र लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आपल्या जिल्ह्यात हा आजार घरोघरी माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. भाजीचे त्यांना भय नाही, उलट पालेभाजीतले फोलेट त्यांच्या कामाचे आहे. ज्यांना मूतखडा झाला आहे त्यांनी पाने उकळून पाणी टाकून द्यावे आणि भाजी बेताने खावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

शिजवताना देठ आणि पान वेगळे करा. देठ बोटभर चिरून आधी फोडणीत पाच मिनिटे परता, मग पाने घाला. पाने दोन मिनिटांत बसतात. लाखोळीच्या डाळीत, लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीने, चार्ड पालकापेक्षाही चांगला लागतो. एकदम सगळ्या घराला आवडेलच असे नाही. थोडा मातकट वास असतो, बीटासारखा. पहिल्यांदा निम्मा चार्ड, निम्मी अंबाडी अशी भाजी करून पाहा, आंबटपणाने तो वास झाकला जातो.

अंगणवाडीच्या आवारात हे दोन वाफे झाले तर फार बरे होईल. २०१५ पासून चालू असलेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी गावांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. बाजार लांब असलेल्या पाड्यावर त्या जेवणातली हिरवी भाजी पहिल्यांदा गळते, कारण आणायला कोणी नसते. हातपंप जवळ असेल तर वीस पावलांवरच ती उगवू शकते. बचतगटाच्या बायकांनी कुंपण बांधून दिले की सेविकेला पाणी आणि खुडणी एवढेच उरते.

फेब्रुवारी संपत आला की चार्डवर चार मेढी रोवून मांडव घाला, वर पळसाच्या फांद्या किंवा जुनी साडी, दुपारचे ऊन तेवढे अडले पाहिजे. असे केले तर होळीपर्यंत, थोडी काळजी घेतली तर मार्चच्या अखेरपर्यंत पाने मिळतात. पालकाची तीन-चार धट्टीकट्टी झाडे कापायची थांबवा आणि बियांसाठी राखा. त्यांचे परागकण वाऱ्यावर दूर जातात, म्हणून शेजाऱ्याच्या वाफ्यात दुसरा वाण तुऱ्यावर असेल तर बी मिसळेल. तुरे वाळून तपकिरी झाले की कापा, झोडपा, राखेत घोळून मडक्यात ठेवा. चार्डची उरलेली झाडे मुळासकट उपटून शेळ्यांना थोडी-थोडी द्या, एकदम नको. मग वाफा खणून उन्हाळाभर उघडा तापू द्या, आणि मृग लागला की त्यात अंबाडी टाका.